मे महिन्यातला बर्फ: कोल्हापुरातून पहिल्यांदा हिमालयात निघालेल्यांसाठी

एप्रिल लागला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाचं सार पासचं बुकिंग झालेलं असतं, कुणी रुपिन पासला निघालेलं असतं, कुणी पोरांच्या परीक्षा आटोपताच केदारकंठा गाठायच्या बेतात असतं. बहुतेकांनी पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात चालून काढलेलं असतं, रांगणा केलेला असतो, पायात दम असतो. प्रश्न ठरलेले. बूट कुठले घेऊ? थंडी किती असेल? जॅकेट भाड्यानं मिळतं का? हे सगळं विचारायलाच हवं. पण बर्फावरून किती वाजेपर्यंत खाली यायचं, हे फार थोडे जण विचारतात. मे महिन्यातल्या हिमालयात जीव ज्याच्यावर अवलंबून असतो, तो प्रश्न हा आहे.

आपल्या सुट्ट्या उन्हाळ्यात. त्यामुळं कोल्हापूरकराची बर्फाशी पहिली गाठ पडते ती जानेवारीतल्या कोरड्या, भुरभुरीत बर्फाशी नाही, तर हिवाळाभर साठून आता वितळायला लागलेल्या बर्फाशी. खाली खोऱ्यात बुरांशाची लाल फुलं असतात, दुपारी शर्टावर फिरता येतं. वर तेरा-चौदा हजार फुटांवर हिवाळा नुकता मोडायला लागलेला असतो. हा लेख त्या मोडत्या हिवाळ्याबद्दल आहे. तो वाचून कुणी हिमस्खलनाचा जाणकार होणार नाही. कुठल्या उताराखाली थांबायचं नाही, गाइडला काय विचारायचं आणि मागं कधी फिरायचं, एवढं मात्र कळावं असा माझा प्रयत्न आहे.

दरड ज्याला कळते त्याला हे कळेल

जुलैत करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना आपण काय बघतो? उतारावरची माती पाणी पिऊन जड होते. पाणी मुरत मुरत कातळापर्यंत पोचतं, तिथं माती आणि कातळ यांची पकड सुटते आणि दरड रस्त्यावर येते. वसंतातला बर्फ बराचसा असाच सुटतो. फक्त पाऊस पडायची वाट बघावी लागत नाही. ऊन त्याच बर्फातून पाणी काढतं.

आता थोडं खोलात जाऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. हिवाळ्यात प्रत्येक बर्फवृष्टीचा एक थर बसतो. कुठला थर घट्ट, कुठला सुटा. कडाक्याच्या थंडीत, बर्फाची जाडी कमी असताना, तळाचे कण मोठे आणि सुटे होतात, अगदी साखरेसारखे. मुठीत दाबले तर गोळा होत नाही, बोटांतून निसटतात. त्यावर वाऱ्यानं दाबून बसवलेला घट्ट थर आला, की साखर पसरून तिच्यावर फरशी ठेवल्यासारखं होतं. वजन पडलं की साखर दबते, फरशी तडकते आणि अख्खा उतार एकदम निघतो. याला स्लॅब म्हणतात. हिमस्खलनात मरणारे गिर्यारोहक आणि ट्रेकर बहुतेक यातच मरतात, आणि फरशी तोडणारं वजन बहुतेक वेळा त्यांचं स्वतःचं किंवा त्यांच्याच गटातल्या कुणाचं तरी असतं. हे हिवाळ्याचं दुखणं, पण उत्तरेकडं तोंड असलेल्या, सावलीतल्या उतारांवर ते मेपर्यंतही दबा धरून बसू शकतं.

वसंताचं खास दुखणं म्हणजे ओला बर्फ. बर्फाचे कण एकमेकांना धरून असतात ते बारीक गोठलेल्या सांध्यांनी. ऊन लागलं की सांधे विरघळतात. मग एखाद्या खडकाजवळून मूठभर बर्फ सुटतो, खाली येता येता सुपासारखा पसरतो आणि वाटेतला बर्फ सोबत घेतो. पाणी आणखी खोल मुरलं, तर थरच्या थर घसरतो. ओला बर्फ कोरड्याएवढ्या वेगानं येत नाही, पण वजनात त्याला तोड नाही. नुकत्या पडलेल्या कोरड्या बर्फाचा घनमीटर साधारण ५० ते १०० किलोचा, तर ओल्याचा ३०० ते ५०० किलोचा. आणि थांबल्यावर तो सिमेंटसारखा आवळतो. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस हातसुद्धा सोडवू शकत नाही.

एक शब्द लक्षात ठेवा. हिमाचलात, विशेषतः किन्नौर आणि लाहौलकडं, गावची माणसं हिमस्खलनालाच ‘ग्लेशियर’ म्हणतात. ‘उस नाले में ग्लेशियर आता है’ असं पोर्टर म्हणाला तर तो तिथलं प्रेक्षणीय स्थळ सांगत नसतो. त्या नाळेत, म्हणजे डोंगरातल्या उभ्या घळीत, वरून बर्फ येतो, असं तो सांगत असतो.

रात्र गोठली का?

वसंतातल्या बर्फाचं सगळं गणित रात्रीवर आहे. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो आणि त्याचा वरचा थर पत्र्यासारखा कडक होतो. हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी हे होतं. दिवसा विरघळलेले सांधे पुन्हा गोठतात, उतार बांधला जातो. ढग असतील तर ते गोधडीसारखे वर पसरतात, उष्णता अडते आणि बर्फ ओलाच राहतो. म्हणून थर्मामीटर काय म्हणतो यापेक्षा रात्री चांदण्या दिसत होत्या का, हे महत्त्वाचं. रात्री पाऊस झाला असेल तर विचारूच नका, त्या दिवशी मोठ्या उतारांखाली जायचं नाही.

सकाळी ऊन आधी पूर्वेकडच्या उतारांवर येतं, मग दक्षिणेकडच्या, दुपारनंतर पश्चिमेकडच्या. त्याच क्रमानं ते मऊ होतात. मधला थोडा काळ चालायला फार सुंदर असतो: वरचे दोन-तीन सेंटिमीटर रवाळ झालेले, कणीदार गुळासारखे, आणि खाली घट्ट. बूट छान बसतो. हा काळ तासा-दीड तासाचा. त्यानंतर पाय घोट्यापर्यंत जातो, मग नडगीपर्यंत, आणि तोपर्यंत तुम्ही त्या उतारावरून उतरलेले असायला हवेत.

सह्याद्रीतली आपली सवय इथं आड येते. आठला उठायचं, पोहे-चहा करायचा, फोटो काढत रमतगमत निघायचं. काही वर्षांपूर्वी हिमाचलात एका खिंडीला आमच्या गटानं हेच केलं. पहाटे चारला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेसातला. एक रुंद नाळ आडवी ओलांडायची होती, तिथं पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. वरून बर्फाचे छोटे छोटे गोळे घरंगळत येत होते, प्रत्येकामागं रेघ उठत होती. पोर्टर म्हणाला, थांबा, आता जाऊ नका. ट्रेक लीडर म्हणाला, पाचच मिनिटांचं काम आहे. आम्ही बारा जण एकामागोमाग एक, चिकटून, गप्पा मारत ओलांडलो. पलीकडं जाऊन पाणी पीत होतो तेव्हा मागची नाळ भरून आली. आवाज मोठा नव्हता, मालट्रकमधून वाळू ओतल्यासारखा होता. आमच्या पाऊलखुणा जिथं होत्या तिथं पुरुषभर उंचीचे बर्फाचे ढेकळ पडले होते. त्या दिवशी आम्ही वाचलो यात आमचं काहीच कर्तृत्व नव्हतं. तिथून परतल्यावर मी हा विषय शिकायला घेतला.

पहाटे निघायचं आणि बर्फ मऊ व्हायच्या आत उतरायचं, हा घड्याळाचा नियम ऊन-थंडीच्या चक्राला लागू पडतो. ताजा बर्फ मोठ्या प्रमाणात पडलेला असेल तर लागू पडत नाही. बद्रीनाथच्या पुढं माणा इथं २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन आलं, ते सकाळच्या वेळी. ५४ कामगार त्यात अडकले, ८ जणांचा जीव गेला. मोठ्या बर्फवृष्टीनंतर पहाट आणि दुपार दोन्ही सारख्याच धोक्याच्या. आणि त्यानंतरचं पहिलं कडक ऊन हे वसंतातलं सर्वांत वाईट वेळापत्रक: वर नवा बर्फ, तो बसायच्या आत ऊन.

पहिली पायरी: बुकिंगच्या आधी

आयोजकाला फोन करून नेमके प्रश्न विचारा. खिंडीच्या दिवशी कॅम्प किती वाजता सोडता? बर्फाच्या मोठ्या उतारावरून किती वाजेपर्यंत सगळे खाली असतात? जादाचा एक दिवस ठेवला आहे का? लीडरनं कुठल्या संस्थेतून कोर्स केला आहे? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था, दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था ही त्यातली जुनी नावं. आपल्यापैकी ज्याला यात पुढं जायचं आहे त्यानंही तिथला महिनाभराचा बेसिक कोर्स करावा, असं माझं मत आहे.

‘वरचं हवामान बघून ठरवू, खिंड रद्दही होऊ शकते’ असं उत्तर आलं तर ती चांगली खूण. ‘शंभर टक्के समिट करवतो’ म्हणणाऱ्याकडं पैसे भरू नका.

कोल्हापूरकरांसाठी आणखी एक. आपल्याकडून हजरत निजामुद्दीनला जाणारी थेट गाडी आठवड्यातून एकदाच. परतीचं तिकीट त्याच गाडीचं काढलं, की एक दिवस वाया गेला तर आठवडा जातो. मग वर तंबूत बसून माणूस हवामानापेक्षा तिकिटाचा विचार जास्त करतो. परतताना पुण्यापर्यंत किंवा मुंबईपर्यंत रोजच्या गाडीचं तिकीट काढा, ट्रेक संपल्यानंतर दोन दिवस मोकळे ठेवा. थोडा खर्च वाढेल. वाढू द्या.

दुसरी पायरी: घरी बसून उतार ओळखायला शिका

स्लॅब हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. त्याहून तीव्र उतारावर बर्फ साठण्याआधीच घसरत राहतो, सौम्य उतारावर सहसा सुटत नाही. अडचण अशी की डोळ्यांनी कोन फार चुकीचा दिसतो. आपल्या घरांतले जिने साधारण ३० अंश किंवा थोडे जास्त असतात. म्हणजे जिन्याएवढा तीव्र उतार दिसला, की तो धोक्याच्या पट्ट्यात आला. अनेकांना ऐकून आश्चर्य वाटतं, कारण जिना काही भीतीदायक वाटत नाही.

सराव इथंच करा. मोबाइलमध्ये कोन मोजायचं ॲप असतं. पन्हाळ्याच्या तटाखालच्या उतारावर किंवा जोतिबाच्या डोंगरावर जा, आधी अंदाज सांगा, मग काठी उताराच्या दिशेनं, वरून खाली अशी टाकून तिच्यावर मोबाइल ठेवून बघा. वीस-पंचवीस वेळा केलं की डोळा बसतो. मोबाइल थंडीत बंद पडला तर दोन सारख्या लांबीच्या काठ्यांवर काम भागतं. एक काठी उतारावर सरळ उभी धरा. दुसरी आडवी, पाणसळीत, उभ्या काठीला टेकवून अशी धरा की तिचं दुसरं टोक चढाच्या बाजूला बर्फाला लागेल. आडवी काठी उभीच्या बरोबर मध्यावर आली तर उतार साधारण २७ अंश. मध्याच्या जरा वर आली की तीस. उभीच्या शेंड्याशी आली तर ४५.

नकाशावरही हे मोजता येतं. समोच्च रेषांमध्ये ४० मीटरचा फरक असेल आणि दोन रेषांमधलं जमिनीवरचं अंतर ७० मीटरपेक्षा कमी असेल, तर तो उतार तीस अंशांच्या पुढं गेला.

तुम्ही चालता ती वाट सपाट असली म्हणून सुटलात असं नाही. वरचा उतार बघा. बर्फ सुटतो वर आणि येऊन थांबतो खाली, कधीकधी खोऱ्याच्या तळापर्यंत. सिक्कीममध्ये गंगटोक ते नथुला रस्त्यालगत ४ एप्रिल २०२३ रोजी हिमस्खलनात ७ पर्यटकांचा जीव गेला. त्यांतलं कुणी गिर्यारोहणाला निघालेलं नव्हतं, माणसं रस्त्याजवळच्या बर्फात खेळायला उतरली होती.

झाडंही सांगतात. देवदाराच्या चढाच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या आणि उताराच्या बाजूच्या शाबूत असतील, भर जंगलात एखादाच पट्टा उघडाबोडका असेल, कोवळी भोजपत्राची झाडं सगळी खाली वाकलेली असतील, तर तिथून बर्फ येऊन गेला आहे आणि पुन्हा येईल.

तिसरी पायरी: निघायच्या आधीचा आठवडा

हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ, भूमध्य समुद्राच्या बाजूनं येणारे. त्यांचा जोर डिसेंबर ते मार्च असतो, पण एप्रिलमध्येही ते येतात आणि मेमध्येही एखादा चुकूनमाकून येतो. भारतीय हवामान विभागाच्या अंदाजात तुमच्या जिल्ह्याचं नाव शोधा. हिमस्खलनाचा इशारा संरक्षण संशोधन संस्थेची चंदीगडची शाखा देते. तिचं नाव डीजीआरई, पूर्वी ती सासे म्हणून ओळखली जायची. इशारा साधारण २४ तासांचा असतो, जिल्हा आणि उंची सांगून दिलेला. आंतरराष्ट्रीय मापात धोक्याच्या पाच पातळ्या आहेत. तिसरी पातळी मधली म्हणून लोक हलक्यात घेतात, पण बरेच बळी याच पातळीच्या दिवशी जातात. मधली म्हणजे बेताची, असा अर्थ लावू नका.

इशारा जिल्ह्याचा असतो, तुमच्या नाळेचा नसतो. नाळेचं तुम्हालाच बघावं लागतं.

एका वहीत रोज तीन गोष्टी लिहा: मागच्या तीन दिवसांत वर किती बर्फ किंवा पाऊस पडला, वारा कुठून होता, रात्री आकाश कसं होतं. वाऱ्याची दिशा का? तर वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेच्या पलीकडं टाकतो. बर्फ न पडताही त्या आडोशाच्या उतारावर जाड थर बसतो.

सामानाचं थोडक्यात. गॉगल घ्याच, बर्फावरच्या उन्हानं डोळे खरोखर भाजतात. मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर चढवायचे काटे, घ्या, पण ते पाय घसरू नये म्हणून असतात. स्पाइक घातले म्हणून उतार सुटायचा थांबत नाही. सॅटेलाइट फोन किंवा तसलं संदेश पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय भारतात वापरता येत नाही, परदेशातल्या कुणाकडून आणून खिशात ठेवू नका.

चौथी पायरी: खिंडीच्या आदल्या दिवशी

कॅम्पवर पोचलात की आधी तंबूच्या जागेकडं आणि मग तिच्या वरच्या उताराकडं बघा. शेजारी बर्फाच्या ढेकळांचे ढीग, त्यात मोडक्या फांद्या आणि माती असेल तर जागा बदलायला सांगा. सांगायला लाजू नका. माझ्या अनुभवात पोर्टर आणि खच्चरवाले यात तुमच्या बाजूचे असतात, कारण त्यांनाही तिथंच झोपायचं असतं. त्यांच्याशी बसून चहा प्या आणि विचारा: या वर्षी बर्फ किती, कुठल्या नाल्यात कधी आला. ‘दादा, ऊपर कैसा है?’ या एका प्रश्नाला मिळालेलं उत्तर अनेकदा छापील वेळापत्रकापेक्षा कामाचं असतं.

रात्रीच ठरवून टाका: किती वाजता निघणार, कुठल्या ठिकाणाहून किती वाजता मागं फिरणार. ही दुसरी वेळ सगळ्यांसमोर मोठ्यानं बोला. वर गेल्यावर दमलेला, खिंड समोर दिसत असलेला माणूस नवीन वेळ ठरवू शकत नाही, ठरलेली पाळू शकतो. बॅग भरून, बाटल्या भरून, स्पाइक हाताशी ठेवून झोपा. पहाटेचा तास-दीड तास इथंच वाचतो.

पाचवी पायरी: पहाटे तंबूबाहेर

बाहेर पडा, आकाश बघा, मग बर्फावर टाच मारा. टाच उमटतच नाही, कडक आवाज येतो: रात्र गोठली. पापुद्रा मोडून पाय आत गेला आणि खाली ओला बर्फ लागला: रात्र गोठली नाही. अशा दिवशी घरून कितीही लांब आलेले असा, खिंड होणार नाही. चहा प्या, दुसऱ्या दिवसाची वाट बघा.

रुपिन पासची शेवटची नाळ हे शिकायला चांगलं उदाहरण आहे. सव्वापंधरा हजार फुटांच्या आसपासची ती खिंड, आणि तिच्याखाली बर्फानं भरलेली उभी, अरुंद नाळ. तिथं अंधारात निघून बर्फ कडक असताना पायऱ्या खणत चढतात. कारण थंडीत वरचे दगड आणि बर्फ एकमेकांना धरून असतात. ऊन आलं की दोन्ही सुटतात, आणि नाळेत बाजूला व्हायला जागा नसते.

चालताना कान उघडे ठेवा. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज झाला आणि आजूबाजूचा बर्फ किंचित खाली बसला, किंवा पायापासून चीर पळत गेली, तर ती साखरेवरची फरशी तडकली. आल्या पावली मागं फिरा. वरून बर्फाचे गोळे घरंगळायला लागले, खडकांवरून पाणी टपकायला लागलं, समोरच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, पाय नडगीपर्यंत जायला लागला, यातलं काहीही दिसलं तरी वेळ संपत आली असं धरा.

धारेवर गेल्यावर कड्याच्या टोकाला जाऊन बसायची आपली सवय सोडा. सह्याद्रीत टोकाखाली कातळ असतो. बर्फाच्या धारेवर वाऱ्यानं केलेला छज्जा असतो आणि त्याच्याखाली हवा असते. तो तुटतो तेव्हा वाटतं त्यापेक्षा बराच आतून तुटतो.

गवताळ उतारावर, बुग्यालांच्या म्हणजे उंचावरच्या कुरणांच्या कडेला, बर्फात कमानीसारखी रुंद फट दिसली आणि आत माती-गवत दिसलं, तर अख्खा थर जमिनीवरून घसरतो आहे. तो कधी सुटेल हे तासांत सांगता येत नाही, गोठलेल्या पहाटेही सुटू शकतो. त्याच्याखालून जायचं नाही, गेलंच पाहिजे असेल तर थांबायचं नाही.

आणि ओढ्यांवरचे बर्फाचे पूल. सकाळी त्यावरून खच्चर जातं, दुपारी माणूस आत जातो. काठीनं ठोका, पोकळ आवाज आला तर दुसरी जागा शोधा.

सहावी पायरी: संशयाचा उतार ओलांडताना

शक्य असेल तर ओलांडू नका, खालून सपाटीवरून किंवा वरून धारेवरून वळसा घ्या. वळसा नसेल तर एका वेळी एकच माणूस, बाकीचे सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवून. गट मोठा असेल तर याला अर्धा तास लागेल. लागू द्या. बारा जण चिकटून गेले तर बर्फावर बारा जणांचं वजन, आणि स्खलन झालंच तर शोधायला बाहेर कुणी उरत नाही.

सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे मोकळे करा, काठ्यांच्या दोऱ्या मनगटातून काढा, गळ्यातलं कापड (बफ) नाका-तोंडावर घ्या. मध्ये थांबून फोटो काढायचा नाही. सार पाससारख्या ठिकाणी बर्फावरून बसून घसरत उतरायची मजा असते, मीही केली आहे. खाली काय आहे हे गाइडनं आधी उतरून बघितलं असेल, तरच. आणि एकेक जण.

स्खलनात सापडलंच तर

स्वतः सापडलात तर ओरडा, म्हणजे बाकीचे बघतील. काठ्या सोडा. कडेकडं पळायचा, मग खडक किंवा झाड धरायचा, मग हातपाय मारून वर राहायचा प्रयत्न करा. वेग कमी व्हायला लागला की हात तोंडासमोर आणा आणि श्वासापुरती पोकळी करा. बर्फ थांबल्यावर ते करता येत नाही.

साथीदार बर्फाखाली गेला तर त्याला शेवटचं जिथं बघितलं ती जागा नजरेनं धरून ठेवा. वरून आणखी काही येणार नाही ना हे बघा, मग कामाला लागा. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर बहुतेक वेळा वाचतो. त्यानंतर ही शक्यता फार झपाट्यानं घसरते, अर्ध्या तासानंतर थोडेच वाचतात. हेलिकॉप्टर, एसडीआरएफ (राज्याचं आपत्ती दल), खालच्या गावातली माणसं यांतलं कुणीही एवढ्या वेळात पोचत नाही. वाचवणार ते शेजारचेच. ११२ ला फोन लागत असेल तर एकानं लावावा, पण सगळ्यांनी शोध सोडून रेंज शोधत फिरायचं नाही.

यासाठी प्रत्येकाकडं तीन वस्तू असाव्या लागतात: अंगावर बांधायचा ट्रान्सीव्हर, बर्फात टोचून बघायची घडीची लांब काठी म्हणजे प्रोब आणि धातूचं फावडं. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवत राहतो, शोधताना बाकीचे आपापले यंत्र शोधावर लावतात. मोबाइल त्याच्यापासून पाठवताना २० सेंटिमीटर आणि शोधताना ५० सेंटिमीटर लांब हवा. यंत्रानं जागा सांगितली की प्रोब टोचत जा. माणूस लागला की प्रोब तिथंच ठेवा आणि डोक्यावरून न खणता उताराच्या खालच्या बाजूनं आडवं खणत जा. आधी तोंड आणि छाती मोकळी करा, श्वास बघा.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रेकमध्ये या तीन वस्तू नसतात. हे मला मनापासून खटकतं. कोल्हापुरातल्या ग्रुपनी वर्गणी काढून निदान काही संच घ्यावेत आणि मसाई पठारावर एकानं सॅकमध्ये यंत्र ठेवून गवतात लपवायचं, बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधायचं, असा सराव करावा. सराव नसलेल्या हातात ते यंत्र नुसतं वजन आहे. आणि संच जवळ नसेल, तर वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी दुप्पट काटेकोरपणे पाळाव्या लागतात, कारण गाडला गेलेला माणूस शोधायचं साधन आपल्याकडं नाही.

उत्तरकाशीच्या नेहरू संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा-२ या शिखरावर हिमस्खलन आलं. २९ जण गेले. सोबत अनुभवी प्रशिक्षक होते. हे मी भीती घालायला सांगत नाही. सोबत कोण आहे हे डोंगराला दिसत नाही, एवढ्यासाठी सांगतो.

दुपारी कॅम्पवर

सगळं वेळेवर झालं असेल तर दहा-अकराच्या सुमाराला तुम्ही बर्फाच्या मोठ्या उतारांवरून उतरून कॅम्पकडं लागलेले असाल. मोजे वाळत टाका, जेवा, आणि झोपायच्या आधी एक तास बाहेर बसा. समोरच्या डोंगराकडं बघत. कुठली बाजू उन्हात आहे ते बघा. कधी आधी आवाज येतो आणि मग एखाद्या नाळेत पांढरी रेघ हलताना दिसते, कधी फक्त आवाजच येतो. प्रत्येक वेळी वहीत लिहा: किती वाजले, उतार कुठल्या दिशेचा, किती मोठं. दोन-तीन दुपारी असं बसलात तर त्या खोऱ्याचं वेळापत्रक तुमच्या हातात येतं. त्यातली सर्वांत लवकरची वेळ घ्या, तिच्यातून दोन तास वजा करा, आणि संध्याकाळी लीडरला विचारा, उद्या आपण त्याच्या आत खाली असू का?